डब्यातले दोन पायॉन : प्रकल्प नोंदी

२४ जून २०२५

पालख्या पुढे सरकल्या, रस्ते मोकळे झाले आणि प्रकल्पाची (क्वार्कांनी बनलेल्या एका कणाचं गणित संगणकावर करायचं) बैठक एकदाची पार पडली. मी, सांगलीकर आणि मॅडम. सांगलीकराला प्रोटॉनच हवा. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक), आणि आतल्या दोन अप आणि एका डाउन क्वार्कची बेरीज जेमतेम ९ एमईव्ही. बाकीचं सगळं क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनच्या क्षेत्रातून आणि क्वार्कच्या धावपळीतून येतं, हे वाचल्यापासून गडी दुसरं काही बोलत नाही. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन कुठलंय?" विभागाचं सोळा कोअरचं वर्कस्टेशन आणि चार टेराबाइटची डिस्क. "मग पायॉन," म्हणाल्या. पायॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांचा हलका कण.

ठरलं ते असं. केनेथ विल्सनने १९७४ साली मांडलेली रीत घ्यायची : अवकाश आणि काळ यांची चार मितींची जाळी, क्वार्क ठिपक्यांवर, ग्लुऑन ठिपके जोडणाऱ्या दुव्यांवर. काळ काल्पनिक संख्येत मांडला की क्षेत्राच्या प्रत्येक रचनेला एक वजन मिळतं आणि मग मोंटे कार्लोने (फासे टाकल्यासारख्या यादृच्छिक निवडीने) रचना काढता येतात. विल्सनच्या कल्पनेला मायकेल क्रॉइत्झने १९८०च्या आसपास संगणकावर उभं केलं. तेव्हाच्या जाळ्या आज हसू येईल एवढ्या लहान होत्या, पण पद्धत तीच आहे.

मोजायच्या गोष्टी दोन. एक, पायॉनच्या आत विद्युतभार कसा पसरलाय, म्हणजे त्याची अंतर्रचना. दोन, दोन पायॉन एकमेकांना काय करतात, म्हणजे अन्योन्यक्रिया. दोन्ही कामं एकाच जाळीवर करायची.

पुण्यातच पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे, १.७ पेटाफ्लॉपचा. ज्या शहरात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला, तिथे राहून महासंगणकाचं स्वप्न पडणं साहजिक आहे. पण आमची जाळी टेबलाखालच्या मशीनला झेपणारी आहे. मॅडमचं म्हणणं, कोअर कमी असले की माणूस विचार जास्त करतो. सांगलीकर पुटपुटला, "नाहीतर वाट जास्त बघतो."

१ जुलै

जाळी : १६ × १६ × १६ × ३२. बीटा (ग्लुऑनच्या जोडणीची ताकद ठरवणारा आकडा) ६.०, विल्सनची साधी ग्लुऑन क्रिया (रचनेचं वजन ठरवणारं सूत्र), क्वेंच्ड. क्वेंच्ड म्हणजे निर्वातात क्षणभर उमटून विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्या हिशोबातून काढून टाकायच्या. खर्च शेकडो पटींनी उतरतो आणि त्याची किंमत शेवटी चुकवावी लागतेच. त्याचं पुढे बघू.

नवख्यांना न पचणारी गोष्ट अशी की दोन ठिपक्यांमधलं अंतर आपण देतच नाही. प्रोग्रॅममध्ये फर्मी (१०⁻¹⁵ मीटर) हा शब्दच नाही. आपण देतो फक्त बीटा. अंतर मागाहून कळतं. जड क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्यातल्या बलाची एक विशिष्ट ठेवण ०.५ फर्मीवर बसते असं धरायचं (ही सोमरची युक्ती), आणि जाळीवर ती किती घरांवर बसली ते मोजायचं. बीटा ६.० ला ५.३७ घरं. म्हणजे एक घर ०.०९३ फर्मी, आणि डब्याची, म्हणजे अख्ख्या जाळीची, बाजू साधारण १.५ फर्मी.

आजची खूण : प्लॅकेटची सरासरी. चार दुव्यांच्या सगळ्यात लहान चौकोनाचा हा आकडा बीटा ६.० ला ०.५९३७ यायला हवा, हे सगळ्या जगाला पाठ आहे. थंड सुरुवात (सगळे दुवे एकसारखे) वरून उतरत आली, गरम सुरुवात (सगळे दुवे वाटेल तसे) खालून चढत आली, आणि दोन्ही ०.५९३७ वर येऊन मिळाल्या. हा आलेख अहवालात जाणारच.

९ जुलै

आकार नोंदवून ठेवते, पुढच्या बॅचला लागतील. ठिपके १,३१,०७२. दुव्यांची एक रचना दुहेरी अचूकतेत ७५.५ मेगाबाइट. एका क्वार्क प्रोपगेटरची (क्वार्क एका ठिपक्यावरून बाकीच्यांवर कसा पोचतो त्याचा तक्ता) फाइल ३०२ मेगाबाइट. क्वार्कचं समीकरण जाळीवर मांडणारी डिरॅक मॅट्रिक्स १५,७२,८६४ बाय तेवढीच. ती कधीच पूर्ण लिहायची नसते, ती व्हेक्टरवर चालवली की काय होतं एवढंच कोडला माहीत असतं. तिचा व्यस्त म्हणजेच प्रोपगेटर, तो काढायला बायसीजीस्टॅब ही पायरीपायरीने उत्तराजवळ जाणारी रीत. ६४ घन × १२८ ची जाळी घेतली असती तर एकच प्रोपगेटर ७७ गिगाबाइटचा झाला असता. मोठ्या गटांच्या अर्ध्या डोकेदुख्या साठवणीच्या असणार.

क्वार्कसाठी विल्सन फर्मिऑन. क्वार्क जाळीवर भाबडेपणाने ठेवला तर एकाचे सोळा होतात. नीलसन आणि निनोमिया यांनी १९८१ मध्ये दाखवलं की कायरल सममिती (डावे आणि उजवे क्वार्क वेगळे ठेवणारी) जशीच्या तशी ठेवून या भावंडांपासून सुटका नाही. विल्सनचा उपाय आडदांड आहे : सममितीच मोडायची आणि पंधरा जण जड करून टाकायचे. डोमेन वॉल, ओव्हरलॅप हे देखणे उपाय आहेत. टीआयएफआरमधल्या भारतीय लॅटिस गटाने ओव्हरलॅप वापरून मोहक (चार्म) क्वार्कच्या कणांवर बरंच काम केलंय. आम्हाला ते परवडत नाही.

१७ जुलै

गुरुवार. वीज सकाळपासून देखभालीला. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो आणि चेकपॉइंट दर दहा मिनिटांनी लिहिला जातो, त्यामुळे काही गेलं नाही. मामा टॉर्च घेऊन आले : "ताई, तुमचा तो कण सापडला का?" म्हटलं, अजून जाळीच विणतोय.

२९ जुलै

ग्लुऑन क्षेत्राच्या २०० रचना झाल्या. कॅप्पा (क्वार्कचं वस्तुमान ठरवणारा आकडा) ०.१५५० ठेवलाय. सांगलीकराला ०.१५६५ वर जायचं होतं, कारण क्वार्क जितका हलका तितकं निसर्गाच्या जवळ (०.१५७१ ला पायॉन वस्तुमानहीन होतो). पण क्वेंच्ड विल्सनमध्ये तिकडे सरकलं की काही रचनांवर डिरॅक मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं शून्याशेजारी येऊन बसतात, तिचा व्यस्त बेसुमार फुगतो आणि अशी एकच रचना सगळी सरासरी खाते. मॅडमनी त्यांना नाव दिलंय : मानाचे गणपती. थोडे असतात आणि वाहतूक सगळी अडवतात.

पायॉनचा कोरिलेटर सुंदर आहे. एका वेळेला पायॉन निर्माण करायचा, पुढच्या वेळेला पकडायचा. संख्या घातांकाने उतरते आणि त्या उताराची तीव्रता म्हणजे वस्तुमान. शेजारच्या दोन वेळांच्या गुणोत्तरातून प्रभावी वस्तुमान काढलं. पहिल्या काही घरांत उत्तेजित अवस्थांची भेसळ, सातव्या-आठव्यापासून सपाट पठार. जाळीच्या एककात ०.३०. एका घराच्या फर्मीतल्या लांबीने भागून १९७.३ ने गुणलं की ६३६ एमईव्ही. निसर्गातला भारित पायॉन १३९.६ चा आहे, म्हणजे आमचा साडेचार पट जड. अहवालात हे पहिल्याच पानावर येणार, तळटीपेत नाही.

सांगलीकराने हौस म्हणून त्याच प्रोपगेटरांतून प्रोटॉनही काढला. ०.६४ च्या आसपास, १३६० एमईव्ही. पठार मात्र डळमळतं, एररबार दर घराला फुगत जातात. याचं कारण पारिसी आणि लपाज यांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, आणि ते इतकं नेटकं आहे की इथे लिहून ठेवते. प्रोटॉनच्या सिग्नलमध्ये तीन क्वार्क. गोंगाट म्हणजे त्या राशीच्या वर्गाची सरासरी, म्हणजे तीन क्वार्क आणि तीन प्रतिक्वार्क. गणिताला ते 'प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन' असं बघण्याची सक्ती नाही. ते जोड्या लावून तीन पायॉन करतं, कारण तीन पायॉन कितीतरी हलके. म्हणून सिग्नल प्रोटॉनच्या वस्तुमानाने विझतो आणि गोंगाट, वर्गमूळ घेतल्यावर, फक्त दीड पायॉनच्या वस्तुमानाने. आमच्या जड पायॉनवर बारा घरांत दहा पटींचं नुकसान. निसर्गातल्या पायॉनवर तेवढ्याच अंतरात साठ पटींहून जास्त. एरर रचनांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते, म्हणजे भरपाईसाठी रचना साडेतीन हजार पटींच्या पुढे. बुडापेस्ट-मार्से-वुपर्टाल गटाने २००८ मध्ये समुद्री क्वार्कांसह (क्वेंच्डमध्ये काढून टाकतो त्या जोड्या) प्रोटॉन आणि त्याच्या भावंडांची वस्तुमानं काही टक्क्यांत जुळवून दाखवली, ती वाचताना मी आता एररबारकडे आधी बघते.

पायॉनला हा शाप नाही. त्याचा गोंगाट दोन पायॉनचा, म्हणजे सिग्नलच्याच वेगाने विझतो. मॅडमचा "मग पायॉन" आता पटला.

१२ ऑगस्ट

अंतर्रचनेचं काम. स्वरूप घटक काढायचा : पायॉनला विद्युतधारेने धक्का द्यायचा आणि तो पायॉनच राहण्याची शक्यता धक्क्याबरोबर किती घटते ते बघायचं. पसरलेली वस्तू लवकर मोडते, आटोपशीर वस्तू टिकते. आलेखाचा शून्याजवळचा उतार सहा पट केला की त्रिज्येचा वर्ग.

आधी भाराची परीक्षा. जाळीवरची अक्षय्य (भार जपणारी) धारा वापरली तर उगम आणि पकड यांच्या मधल्या पट्टीतला भार, वजा बाहेरच्या पट्टीतला भार, भागिले दोन-बिंदू फलन (म्हणजे पायॉनचा कोरिलेटर), हे बरोबर १ यायला हवं. सरासरीत नव्हे, प्रत्येक रचनेवर. आलं. शेवटचे दशांश कापण्याच्या चुकीपर्यंत आलं. मोंटे कार्लोत आयुष्य काढणाऱ्याला गोंगाट नसलेला आकडा क्वचित बघायला मिळतो, म्हणून सांगलीकराने स्क्रीनचा फोटो काढला.

आता अडचण. डबा आवर्ती आहे, उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत. अशा डब्यात तरंगाला पूर्ण लांबीतच बसावं लागतं, म्हणून संवेग सुटे मिळत नाहीत, ठोक मिळतात. सगळ्यात लहान संवेग : २π भागिले १६ घरं, आमच्या एककात ८३३ एमईव्ही. थांबलेल्या पायॉनला तेवढा दिला की क्यू वर्ग (धक्क्याचा वर्ग) ०.५२ जीईव्ही वर्ग होतो (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही). स्वरूप घटक ०.६० च्या जवळपास आला, म्हणजे पहिल्याच पायरीवर ४० टक्के उतार संपला. आणि त्रिज्या तर शून्यापाशी हवी! मधलं सगळं अंधारात. मग आपण एक रेघ गृहीत धरतो. र्‍हो मेसॉनचा (क्वार्क-प्रतिक्वार्कचाच, पण जड कण) एक ध्रुव, म्हणजे त्याच्या वस्तुमानावर बेतलेली रेघ, टाकला तर रेघ बिंदूतून जाते आणि त्रिज्या ०.५४ फर्मी निघते. प्रयोगातली ०.६६. जड पायॉन लहान असणार हे पटण्यासारखं आहे, पण ०.५४ मध्ये आमचं मोजमाप किती आणि र्‍होवरची श्रद्धा किती, ते मला सांगता येणार नाही, आणि अहवालातही तसंच लिहिणार आहे.

हीच गोष्ट प्रोटॉनच्या त्रिज्येत मोठ्या प्रमाणावर घडली. २०१० मध्ये म्युऑनी हायड्रोजनने (इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन असलेला) ०.८४ फर्मी दिली आणि आधीचे प्रयोग ०.८८ वर होते. मग जेफर्सन लॅबच्या प्रॅड प्रयोगाने इलेक्ट्रॉन इतक्या हळुवार धक्क्याने आदळवले की क्यू वर्ग ०.०००२ जीईव्ही वर्गापर्यंत खाली गेला, आणि २०१९ मध्ये ०.८३१ फर्मी आली. तेवढा लहान धक्का ठोक संवेगाने आमच्या जाळीवर द्यायचा तर डबा किती मोठा हवा, हा हिशोब फळ्यावर केला : ८८ फर्मी. एका बाजूला नऊशेवर घरं. सांगलीकर खडू ठेवून चहाला गेला.

तोडगे आहेत. क्वार्कला डब्याच्या सीमेवर थोडी फेज (तरंगाची कला) दिली की संवेग मधल्या जागांवर सरकवता येतो. दुसरा तोडगा सरळ, पैसे टाकून मोठा डबा. आम्ही २४ घरांचा करतोय. लहानात लहान धक्का तिथे ०.२७ जीईव्ही वर्गापर्यंत उतरेल. बघू.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. विभाग बंद, मशीन चालू. २४ घन × ३२ च्या रचना विसर्जनापर्यंत निघतील. घरून लॉगिन करून दिवसातून एकदा प्लॅकेट बघते. ०.५९३७.

१० सप्टेंबर

आता दोन पायॉन. दोन महिने जो डबा आम्हाला नडतोय, तोच इथे मोजपट्टी होतो. हे मला या प्रकल्पातलं सगळ्यात आवडलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कण एकमेकांवर आदळले की दूर जाऊन काय निघालं ते बघायचं, ही प्रयोगाची रीत. जाळीवर ती चालत नाही. काळ काल्पनिक आहे, त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर'च्या लाटा वेगळ्या करता येत नाहीत, आणि डबा एवढासा की 'दूर' अशी जागाच नाही. अनंत डब्यात तर दोन थांबलेल्या पायॉनची ऊर्जा नुसती दोन वस्तुमानांची बेरीज, आपापसात काही असो वा नसो. मार्टिन ल्युशरने १९८६ मध्ये दाखवलं की सांत डब्यात तसं होत नाही. तिथे ते दोघं एकमेकांना टाळू शकत नाहीत, ऊर्जा किंचित सरकते, आणि ते सरकणंच प्रकीर्णनाची लांबी (दोघं एकमेकांना किती अंतरावरून जाणवतात) सांगतं. मॅडमच्या शब्दांत, वाड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन भाडेकरू ठेवा. त्यांचं पटतं की नाही ते भांडण न बघताही कळतं, नुसत्या खोलीच्या तापमानावरून. खोली मोठी केली की तापमान घनफळाच्या व्यस्तात उतरतं.

आम्ही घेतला आयसोस्पिन २ चा मार्ग, म्हणजे दोन्ही पायॉन धन. इथे क्वार्क आणि प्रतिक्वार्क एकमेकांना गिळू शकत नाहीत. फक्त दोन आकृत्या उरतात : दोघं आपापल्या वाटेने जातात, किंवा वाटेत क्वार्कची अदलाबदल करतात. आयसोस्पिन शून्य घेतला असता तर तुटक आकृत्या आल्या असत्या, आणि त्यांच्या गोंगाटाने आमचं मशीन नव्हे, आमचं वर्ष संपवून टाकलं असतं. या वाटेवरून शार्प, गुप्ता आणि किलकप १९९२ मध्ये गेलेत, आणि पुढे फुकुगिता आणि सहकाऱ्यांनी पायॉन-न्युक्लिऑन (न्युक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन), न्युक्लिऑन-न्युक्लिऑनपर्यंत मजल मारली. तीस वर्षांपूर्वीचं महासंगणकाचं काम आता टेबलाखाली मावतंय.

दोन्ही पायॉन एकाच वेळी एकाच भिंतीतून (एका वेळेच्या सगळ्या ठिपक्यांवरून) सोडले तर नको ते पद आपोआप मिसळतं. म्हणून एक भिंत वेळ ० ला, दुसरी वेळ १ ला. कोड सांगलीकराने लिहिलं, तपासणी मी केली : अदलाबदलीची आकृती बंद करून ऊर्जा अगदी दोन पायॉनइतकी येते का ते पाहिलं. एररच्या आत आली. आकृती सुरू केली की वर सरकते. वर, म्हणजे अपकर्षण. जसं हवं तसं.

२२ सप्टेंबर

काळाच्या दिशेची ३२ घरं पुरत नाहीत. काळाची दिशासुद्धा आवर्ती आहे, त्यामुळे एक पायॉन पुढून आणि दुसरा मागून वळसा घालून पकडीपर्यंत पोचू शकतो. या वाटेची किंमत वेळेवर अवलंबून नाही, कोरिलेटरखाली एक स्थिरांक बसून राहतो. हिशोब : पायॉन ०.३०, तर बाराव्या घरावर हा स्थिरांक मुख्य भागाच्या पंचमांशाच्या घरात. आणि आम्ही शोधतोय तीन टक्क्यांचं सरकणं.

उपाय जुना आणि स्वस्त : स्थिरांक आहे ना, मग शेजारच्या दोन वेळांची वजाबाकी करा. दोन पायॉनच्या कोरिलेटरची वजाबाकी वर, एका पायॉनच्या कोरिलेटरच्या वर्गाची वजाबाकी खाली (त्या वर्गातही हाच वळशाचा तुकडा लपलेला असतो). गुणोत्तराचा आलेख सरळ झाला. गोंगाट थोडा वाढला, चालेल.

आणि तीन टक्के मुळात दिसतात तरी कसे, असं एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारलं, तिचा प्रश्न रास्त होता. वर आणि खाली त्याच रचना आहेत. एखाद्या रचनेवर पायॉन जरा उंच चालला तर दोघांतही उंच चालतो, आणि गुणोत्तरात ते कटतं. जॅकनाइफ (एकेक रचना वगळून एरर काढायची रीत) करताना गुणोत्तर आधी, सरासरी नंतर असं कधी करायचं नाही; प्रत्येक जॅकनाइफ नमुन्यावर सरासरी काढून मग गुणोत्तर. तिला दोन्ही करून दाखवलं.

९ ऑक्टोबर

आकडे.

१६ च्या डब्यात सरकणं ०.०१७, एरर ०.००२. म्हणजे साधारण ३६ एमईव्ही.
२४ च्या डब्यात ०.००४८, एरर ०.०००८. साधारण १० एमईव्ही.

नुसतं घनफळ धरलं तर गुणोत्तर ३.३८ हवं. ल्युशरच्या सूत्रातली पुढची दोन पदं घेतली की ३.७. आमचं ३.५, एरर ०.७ च्या घरात. दोन्हींत निवड करण्याइतकी ताकद या आकड्यात नाही, पण घनफळाच्या व्यस्तात उतरतंय हे नक्की. हे महत्त्वाचं, कारण ऊर्जा डब्याबरोबर अशी उतरली नसती तर ती दोन मोकळ्या पायॉनची ऊर्जाच नव्हे असा अर्थ झाला असता.

१६ च्या डब्यातून प्रकीर्णन लांबी गुणिले पायॉनचं वस्तुमान : वजा ०.३९. लांबीच निव्वळ म्हणाल तर ०.१२ फर्मी.

यावर दुपारभर वाद. सांगलीकराने पुस्तकातला आकडा काढला : वजा ०.०४४. "नऊ पट चुकलंय की ओ!" चुकलेलं नाही, पायॉन जड आहे. स्टीव्हन वाइनबर्गने १९६६ मध्ये, क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स (क्वार्क-ग्लुऑनचा सिद्धांत) जन्मायच्या आधी, नुसत्या कायरल सममितीतून हा गुणाकार काढला होता आणि तो पायॉनच्या वस्तुमानाच्या वर्गाने वाढतो. निसर्गातल्या पायॉनला त्याचं सूत्र वजा ०.०४५ देतं. आमच्या पायॉनला, क्षय स्थिरांक (सूत्रातला दुसरा आकडा, पायॉनच्या क्षयातून मोजलेला) तोच धरून, वजा ०.९ च्या वर. तो स्थिरांकही वजनाबरोबर वाढतो, मग फरक कमी होतो. तरी वाइनबर्गचं सूत्र हलक्या पायॉनसाठी आहे. ६३६ एमईव्ही हलका कुठल्या अर्थाने? मी म्हटलं तुलना टाकूच नये. मॅडमनी मध्यममार्ग काढला : आलेखात वाइनबर्गची रेघ फक्त ३०० एमईव्हीपर्यंत ओढायची आणि तिथे थांबायचं. पुढे कोरी जागा. मला ते पटलं.

स्वरूप घटकाचं २४ घरांचं उत्तरही आलं : ०.२७ ला ०.७५. र्‍होची रेघ दोन्ही बिंदूंतून जाते. रेघेवरचा विश्वास किंचित वाढला, त्रिज्या तिथेच.

४ नोव्हेंबर

मॅडम मुंबईला, टीआयएफआरमध्ये लॅटिस परिषद. फोनवर सांगत होत्या की आमच्या दोन पायॉनच्या रीतीवरच सगळी नवी घरं बांधली जातायत. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने २०२१ मध्ये दोन मोहक क्वार्क आणि दोन हलके प्रतिक्वार्क असलेला टी-सीसी हा कण शोधला, ३८७५ एमईव्हीचा, डी आणि डी-तारा या मोहक मेसॉनांच्या उंबरठ्याच्या (दोघांच्या वस्तुमानांच्या बेरजेच्या) जेमतेम अर्ध्या एमईव्हीहून कमी खाली. एम. पद्मनाथ आणि साशा प्रेलोव्शेक यांनी २०२२ मध्ये साधारण २८० एमईव्हीच्या पायॉनवर हेच केलं : डब्यातल्या ऊर्जा, मग ल्युशर, मग प्रकीर्णनाचा कोनफरक. त्यांना तिथे बद्ध कण मिळाला नाही, आभासी अवस्था (बांधला जाता जाता राहिलेली) मिळाली. क्वार्क थोडा जड केला की कण निसटतो, एवढा तो काठावर आहे. दुसरी वाट जपानच्या हॅल गटाची, २००७ पासूनची : ऊर्जेऐवजी दोन न्युक्लिऑनच्या तरंगफलनातून विभवच काढायचा. दोन्ही वाटांचे लोक एकमेकांना बरंच काही ऐकवत आलेत. आम्ही ल्युशरवाले, कारण आमच्याकडे तेवढंच आहे.

क्वेंच्डची किंमत आज चुकवायची. ल्युशरचं सूत्र उभं आहे ते युनिटॅरिटीवर, म्हणजे आत गेलेलं सगळं कुठल्या ना कुठल्या रूपात बाहेर यायला हवं. समुद्री क्वार्क काढून टाकले की हा ताळेबंद जुळत नाही. काही मधल्या अवस्था हिशोबातून गायब होतात आणि काही भुतासारख्या जास्तीच्या येतात. बर्नार्ड आणि गोल्टरमन यांनी १९९६ मध्येच दाखवलं की याने डब्यातली ऊर्जा ल्युशरच्या साच्याबाहेर सरकू शकते. आयसोस्पिन शून्यात हा दोष ढळढळीत दिसतो, आयसोस्पिन २ मध्ये सौम्य. सौम्य म्हणजे शून्य नव्हे. म्हणून आमचा वजा ०.३९ हा निसर्गाबद्दलचा आकडा नाही. रीत चालते एवढंच तो सांगतो.

सांगलीकर थोडा हिरमुसला. "मग एवढे महिने?" त्याला म्हटलं, पठार लागेपर्यंत सातव्या घराची वाट बघायला शिकलास, ते काय कमी आहे. त्याचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालं नसावं, कारण रात्री बसून मी खऱ्या समुद्री क्वार्कांच्या रचना कोण वाटतं ते शोधत होते.

१८ नोव्हेंबर

अहवाल परत आला. मॅडमनी लाल पेनाने शीर्षकात 'क्वेंच्ड' घातलंय, आणि 'प्रयोगाशी सुसंगत' हे शब्द दोन ठिकाणी खोडलेत. त्रिज्येच्या तक्त्यात एक नवा स्तंभ मागितलाय : रेघ बदलली तर त्रिज्या किती बदलते. ध्रुवाऐवजी वर्गपदी टाकून बघितली, ०.५४ वरून उत्तर इतकं हललं की एररबार त्याच्यापुढे दिसेना. स्तंभ घातला.

पुढच्या बॅचसाठी :

रचना डिस्कवर ठेवल्यात, प्रोपगेटर पुसलेत (परत काढायला एका रचनेला दोन-तीन मिनिटं लागतात, ठेवायला जागा नाही). यादृच्छिक संख्यांची बीजं फाइलच्या नावातच आहेत. २४ च्या डब्यात वेळेची घरं ३२ ठेवू नका, ६४ करा, वळशाची कटकट जाईल. सीमेवर फेज देण्याचं कोड अर्धवट आहे, सांगलीकराच्या शाखेत. एका पायॉनवर चालतं, तीन-बिंदू फलनावर अजून तपासलेलं नाही. समुद्री क्वार्कांच्या रचना हव्या असतील तर आंतरराष्ट्रीय लॅटिस डेटा ग्रिडवर बघा, तिथे बरेच गट आपल्या रचना वाटतात. त्या आमच्या डिस्कवर मावणार नाहीत, तेव्हा डिस्कचा अर्ज आधी करा. अर्जाचा नमुना मॅडमच्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे आणि त्याला तीन कोटेशन लागतात.